परप्रांतातील गुरुगृह : गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर

महाराष्ट्राबाहेर जेथे जेथे मराठी माणसांनी चार बिऱ्हाडे थाटली, तेथे तेथे गणेशोत्सव सुरू झाला, हौशी नाटक उभे राहिले आणि बहुधा गाण्याचा वर्गही निघाला. सतरंजीवर ओळीने बसलेली मुले, समोर तंबोरा, हातात स्वरलिपीचे पुस्तक, भिंतीवर परीक्षेचे वेळापत्रक, हे दृश्य आपल्या इतके परिचयाचे आहे की ते कोणी तरी एके काळी प्रथम घडविले असेल, हा विचारही मनास शिवत नाही. नोकरदाराच्या घरातील मुलगी ठरावीक फी भरून ख्याल शिकते आणि तिच्या आईवडिलांना त्यात संकोच न वाटता अभिमान वाटतो, ही गोष्ट आज साधी आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी ती साधी नव्हती. ती साधी व्हावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. विशेष म्हणजे त्यांनी हे कार्य आरंभिले ते पुण्यात वा मुंबईत नव्हे, तर घरापासून शेकडो कोस दूर, लाहोरात. आपल्यासारख्या परप्रांतस्थ मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात त्यांचे स्मरण करणे आम्हांस म्हणूनच उचित वाटते. थोर गवई म्हणून त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. आम्ही येथे मुख्यतः त्यांच्यातील शिक्षकाचा मागोवा घेणार आहोत.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळील कुरुंदवाड या छोट्या संस्थानी गावी दि. १८ ऑगस्ट १८७२ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार. घराण्याचे मूळ उपनाव गाडगीळ, परंतु पलूस गावावरून ते पलुस्कर झाले. टाळ-मृदंगाच्या नादात आणि पदे-अभंगांच्या सहवासात बाळपण चालले असता एका उत्सवात शोभेची दारू उडून मुलाच्या डोळ्यांना इजा झाली. दृष्टी कायमची अधू झाली आणि शाळेचा मार्ग खुंटला. उपचारांसाठी त्यास मिरजेस नेण्यात आले. डोळे पूर्ववत झाले नाहीत, पण तेथे मिरजेच्या संस्थानिकांचा आश्रय लाभला आणि गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या पायाशी बसण्याचे भाग्य उदयास आले.

बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविणारे महापुरुष. त्यांनी स्वतः ही विद्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून संपादिली ती अपार कष्ट सोसून. त्या काळी गाणे शिकणे म्हणजे गुरूच्या घरी पाणी भरणे, पडेल ते काम करणे, आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा जे कानी पडेल ते जिवापाड जपणे. चिजा लिहून ठेवण्याची पद्धत नव्हती आणि लिहून देण्याची वृत्तीही क्वचितच असे. विद्या दानाने वाढते हे सुभाषित सर्वांना पाठ होते, परंतु ज्यांचे पोटच विद्येवर अवलंबून, ते ती सहजासहजी वाटून टाकीत नसत. त्यांना दोष देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. राजाश्रय हाच एकमेव आधार असलेल्या कलावंताला आपल्या चिजा म्हणजे आपली शेतीवाडीच वाटली तर नवल नव्हे.

मिरजेत विष्णुपंतांनी १८९६ पर्यंत कसून अध्ययन केले. याच काळातील एक हकीकत त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितली जाते. गावातील एका प्रतिष्ठितांच्या समारंभास विष्णुपंतांना आमंत्रण आले, कारण राजेसाहेबांचा त्यांच्यावर लोभ होता. त्यांच्या गुरूंना मात्र ते नव्हते, कारण गुरू पडले गवई. ज्यांच्या गळ्यावर दरबार डोलतो, त्यांना पानसुपारीच्या बैठकीत जागा नाही, हे शल्य त्यांच्या मनात खोल रुतले, असे सांगतात. हकीकतीचा तपशील कसाही असो, पुढील पस्तीस वर्षांच्या खटाटोपाचे मूळ या अपमानात शोधता येते. गाण्याला मान हवा होता, आणि तो मिळावयाचा तर गाणाऱ्याची राहणी, त्याचे शिक्षण आणि समाजाशी असलेले त्याचे नाते, ही सर्वच बदलणे भाग होते. दरबाराच्या कृपेवर हे होण्यासारखे नव्हते.

१८९६ साली मिरज सोडून ते उत्तरेकडे निघाले. बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंधर असा हा प्रवास झाला. वाटेत काठेवाडात त्यांनी तिकीट लावून सार्वजनिक जलसा केला. त्या काळी ही गोष्ट जवळजवळ अश्रुतपूर्व होती. दोन-चार आणे मोजून कोणीही सामान्य मनुष्य समोर बसू शकतो आणि त्या पैशावर गवई स्वाभिमानाने जगू शकतो, ही कल्पना त्यातून पुढे आली. मथुरेत चंदन चौबे यांच्याकडे त्यांनी ध्रुपदाचा अभ्यास केला आणि ब्रजभाषा आत्मसात केली. आम्हांस या गोष्टीचे फार महत्त्व वाटते. ज्या मुलखात आपण राहणार, तेथील भाषा आणि तेथील संतांची पदे आपलीशी करावयाची, हे त्यांनी प्रवासातच ठरविलेले दिसते. पुढे त्यांनी शिकविले ते हिंदीतून आणि पाठ्यपुस्तके लिहिली तीही मुख्यत्वे हिंदीतच. परक्या प्रांतात राहून आपल्या ताटातले त्या प्रांताला वाढावे, पण त्या प्रांताच्या वाणीने वाढावे, हा त्यांचा बाणा होता.

दि. ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालयाची स्थापना झाली. त्यापूर्वी संगीताचे सामुदायिक शिक्षण कोठेच नव्हते असे नाही. पुण्यात १८७४ पासून गायन समाज होता, आणि बडोद्यास मौलाबक्षांची शाळा १८८६ पासून संस्थानच्या आश्रयाने चालू होती. परंतु कोणत्याही दरबाराच्या खजिन्यावर न विसंबता, लोकांच्या वर्गणीवर, विद्यार्थ्यांच्या फीवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर संपूर्ण विद्यालय चालवावयाचे, आणि तेही जेथे आपला म्हणावा असा माणूस नाही अशा शहरी, हे धाडस नवेच होते. आरंभी विद्यार्थी मिळेनात. भल्या घरची मुले गाण्याच्या शाळेत पाठविण्यास पालक धजत नव्हते. हळूहळू प्रतिष्ठित मंडळींचा विश्वास बसला आणि वर्ग भरू लागले. स्त्रियांच्या शिक्षणाचीही स्वतंत्र सोय झाली.

या विद्यालयाची रचना नीट पाहिली म्हणजे पंडितजींच्या शिक्षणदृष्टीचे मर्म ध्यानी येते. विद्यालयाला जणू दोन दारे होती.

पहिले दार सर्वांसाठी उघडे होते. नोकरीधंदा सांभाळून येणारे गृहस्थ, शाळकरी मुले, घरातील स्त्रिया यांच्यासाठी ठरावीक वेळेचे वर्ग होते, पायरीपायरीने चढत जाणारा अभ्यासक्रम होता, परीक्षा होत्या आणि पदव्या होत्या. त्यासाठी लागणारी पाठ्यपुस्तके कोठून आणावयाची? ती त्यांनी स्वतः लिहिली. स्वरांची चिन्हे, मात्रेचे भाग दाखविणाऱ्या खुणा अशी स्वतंत्र स्वरलिपी तयार केली, विद्यालयाचा स्वतःचा छापखाना घातला, संगीतामृतप्रवाह नावाचे मासिक चालविले. संगीत बालप्रकाश, रागप्रवेश यांसारख्या पुस्तकमाला निघाल्या. वाद्ये तयार करण्याची आणि दुरुस्त करण्याची व्यवस्थाही केली. ज्या चिजा एके काळी तिजोरीत जपल्या जात, त्या आता कोणीही विकत घेऊ शकेल अशा छापील पानांवर आल्या. ज्या बालकास शाळेतील अक्षरे अधू दृष्टीमुळे पारखी झाली होती, त्यानेच पुढे गाण्याला अक्षररूप द्यावे, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल.

अशा वर्गांतून तानसेन किती निघणार, अशी टीका त्या काळी होत असे. त्यावर पंडितजींचे म्हणणे असे सांगितले जाते की, तानसेन घडविणे कोणाच्याच हाती नाही, खुद्द तानसेनालाही दुसरा तानसेन घडविता आला नाही. आपण कानसेन घडविले तरी पुष्कळ झाले. या उत्तराकडे केवळ हजरजबाबीपणा म्हणून पाहू नये, असे आम्हांस वाटते. शिक्षकाने कोणाकडून किती अपेक्षा ठेवावी, याचे त्यात निश्चित भान आहे. दिवसभर कचेरीत काम करून आलेल्या माणसाला गवई करण्याचा अट्टाहास नव्हता. त्याने यमन ओळखावा, समेवर मान हलवावी, आपल्या मुलाला गाण्याला पाठवावे आणि गवयाला घरी बोलावून मानाने पाटावर बसवावे, एवढे झाले तरी मिरजेच्या त्या अपमानाची भरपाई होणार होती.

दुसरे दार अरुंद होते. ते उपदेशक वर्गाचे. या वर्गात निवडलेली मुले पंडितजींच्याच छत्राखाली राहत. नऊ वर्षे विद्यालय सोडावयाचे नाही, असा करार मुलाच्या पालकांना लिहून द्यावा लागे. त्याच्या मोबदल्यात राहणे, जेवणखाण, कपडालत्ता आणि विद्या सर्व मोफत असे. मिरज, सांगली, कोल्हापूर या बाजूच्या गरीब कुटुंबांतील कित्येक मुले अशा रीतीने आईबापांना सोडून दूरदेशी गेली. विनायकराव पटवर्धन मिरजेच्या अधिपतींची शिष्यवृत्ती घेऊन १९०७ साली लाहोरास गेले, तेव्हा त्यांचे वय नऊ वर्षांच्या आसपास होते. ज्या वयात मूल अंधारात आईचा पदर शोधते, त्या वयात त्याने रेल्वेत बसून पंजाबात जावयाचे! अशा मुलांचे आईबाप होणे हेही पंडितजींचे कामच होऊन बसले.

त्यांची शिस्त कडक होती. पहाटे उठणे, रियाज, स्नानसंध्या, वर्ग, नीटनेटका पोशाख आणि व्यसनांपासून अलिप्तता या बाबतींत सवलत नसे. परंतु शिस्तीबरोबरच त्यांनी मुलांवर जबाबदारीही टाकली, आणि आमच्या मते त्यांच्या अध्यापनाचा गाभा येथेच आहे. मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवावे, गुरूंबरोबर दौऱ्यावर जावे, तंबोऱ्यावर बसून साथ करावी, विद्यालयाचा कारभार पाहावा, असा तेथील क्रम होता. जो शिकतो आहे त्यालाच शिकवावयास बसविले म्हणजे त्याचे स्वतःचे कच्चे दुवे त्यास दिसतात, हे पंडितजींनी नेमके ओळखले होते. भडोचकडून आलेले ओंकारनाथ ठाकूर हे गुजराती मूल याच शिस्तीत वाढले आणि १९१६ च्या सुमारास, वयाची विशी गाठली न गाठली तोच, लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे सोपविण्यात आले. एवढ्या कोवळ्या खांद्यांवर एवढा भार टाकण्यास गुरूचा शिष्यावर केवढा विश्वास असावा लागतो!

शिष्य आपलीच प्रतिकृती व्हावा, असा हट्ट मात्र पुढे टिकलेला दिसत नाही. ओंकारनाथांचे भावविभोर गायन, विनायकरावांचे दमदार आणि रेखीव गायन, नारायणराव व्यासांचे ध्वनिमुद्रिकांतून घरोघरी पोहोचलेले प्रसन्न गायन, ही एकाच गुरूची फळे असून चवीला निरनिराळी आहेत. प्रा. बा. र. देवधरांनी तर पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला, १९२५ साली मुंबईत स्वतःचे विद्यालय काढले आणि सर्व घराण्यांच्या गवयांसाठी त्याचे दार मोकळे ठेवले. कुमार गंधर्वांसारखा स्वतंत्र प्रज्ञेचा कलावंत लहानपणी त्यांच्याच हाताखाली वाढला.

तथापि पंडितजींच्या कार्यात काहीच उणे नव्हते, असे लिहिणे म्हणजे त्यांच्या स्मृतीस न्याय देणे नव्हे. शृंगारिक चिजांतील शब्द काढून त्या जागी भक्तिपर शब्द योजण्याचा त्यांचा प्रघात अनेक जाणकारांना रुचला नाही. सभ्य घरांत गाण्याला प्रवेश मिळावा, हा त्यामागील हेतू होता हे खरे, पण त्यापायी जुन्या रचनांचा काही रंग उडाला, हेही खरे. त्यांची स्वरलिपी बारकाव्यांची नोंद करणारी असली तरी चिन्हांनी काहीशी बोजड होती. त्यांचे समकालीन पंडित भातखंडे यांची सुटसुटीत पद्धती त्यामुळे अधिक लवकर प्रचारात आली. छापील पुस्तकावरून गाणे शिकविता शिकविता काही ठिकाणी गाणे बाजूस राहून पुस्तकच तेवढे हाती उरले, हा आक्षेपही अगदीच निराधार नव्हता. पण हे लक्षात ठेवावयास हवे की, पंडितजींनी स्वतः पुस्तकाला गुरूच्या जागी कधीच बसविले नाही. म्हणून तर पहिल्या दाराशेजारी त्यांनी दुसरे दार ठेवले होते. पुढे अनेकांनी पहिले दार तेवढे उचलले आणि दुसरे विसरले, त्याचा बोल त्यांना लावता येणार नाही.

१९०८ साली मुंबईत विद्यालयाची शाखा निघाली आणि पंडितजींचे वास्तव्य तेथे झाले. विद्यालयाला स्वतःची वास्तू हवी म्हणून सँडहर्स्ट रोडवर मोठी इमारत बांधली. तिच्यासाठी कर्ज काढले. कर्ज फेडण्यासाठी जलशांमागून जलसे आणि दौऱ्यांमागून दौरे करावे लागले. याच काळात त्यांनी संगीत परिषदाही भरविल्या, काँग्रेसच्या अधिवेशनांतून वंदे मातरम् गाइले. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात या गीतास हरकत घेतली गेली असता त्यांनी ते न थांबता पूर्ण केले, ही घटना प्रसिद्धच आहे. महात्मा गांधींनी साबरमतीच्या आश्रमासाठी संगीतशिक्षक मागितला, तेव्हा पंडितजींनी आपले शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना तिकडे पाठविले. आश्रमभजनावलीचे संकलन खरे यांनीच केले आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते गांधीजींबरोबर चालत होते. रामधून आज देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात ज्या चालीवर म्हटली जाते, ती चाल पंडितजींचीच मानली जाते. गाण्याला मैफलीबाहेर, चालत्या जनसमुदायाच्या मुखी नेण्याचे काम असे गुरुशिष्यांनी मिळून केले.

परंतु कर्ज फिटले नाही. १९२४ च्या सुमारास ती इमारत लिलावात गेली. ज्या वास्तूसाठी गळ्याचे रान केले, ती डोळ्यांदेखत परक्याची झाली. पंडितजींचे मन आधीच भक्तिमार्गाकडे ओढ घेत होते, आता ते पूर्णपणे रामनामात रमले. नाशिकास त्यांनी रामनाम आधाराश्रम स्थापिला आणि तेथेही काही शिष्य त्यांच्याजवळ राहिले. प्रपंचातही त्यांच्या वाट्याला दुःखच अधिक आले. अनेक अपत्ये अल्पवयात निवर्तली. १९२१ साली जन्मलेला दत्तात्रेय हा एकच मुलगा हाती लागला. दि. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस, जेथे विद्येस आरंभ झाला त्याच गावी, पंडितजींनी देह ठेविला, तेव्हा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता.

इमारत गेली, गुरू गेले, मग मागे काय राहिले? मागे शिष्य राहिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते अहमदाबादेस एकत्र जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. विनायकराव पटवर्धन १९२२ पासून गंधर्व नाटक मंडळीत होते. रंगभूमीवरील कीर्ती आणि प्राप्ती सोडून ते बाहेर पडले आणि १९३२ साली त्यांनी पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. गुरुपुत्र दत्तात्रेयाचे शिक्षण त्यांच्याकडे आणि नारायणराव व्यासांकडे झाले. नऊ वर्षांच्या ज्या मुलाला गुरूने लाहोरात बापाच्या मायेने वाढविले, त्याने पुढे गुरूच्या पोरक्या मुलाला विद्या द्यावी, याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती? तोच दत्तात्रेय म्हणजे द. वि. पलुस्कर. १९५५ साली, ऐन चौतिशीत, त्यांचा अंत झाला, पण त्यांच्या निर्मळ सुरांची ओढ रसिकांना आजही तशीच आहे.

इतर शिष्य चारी दिशांना पांगले. शंकरराव व्यास अहमदाबादेस गेले. शंकरराव बोडस १९२६ साली गुरूंच्या आज्ञेवरून कानपुरास गेले आणि तेथेच स्थायिक होऊन त्यांनी संगीताचा प्रसार केला. त्यांच्या कन्या वीणाताई सहस्रबुद्धे यांचा जन्म १९४८ सालचा, कानपुरातलाच. महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या आणि वाढलेल्या या मराठी मुलीने ग्वाल्हेरची गायकी पुढे देशभर आणि परदेशीही मानाने नेली. ओंकारनाथ ठाकुरांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीताच्या उच्च शिक्षणाचा पाया घातला. विनायकरावांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ साली दिल्लीत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. १९४७ नंतर लाहोर आपल्याला परके झाले, परंतु लाहोरात पेटलेली समई तोवर शंभर घरी लागली होती. १९७३ साली भारत सरकारने पंडितजींचे टपाल तिकीट काढून त्यांच्या कार्याचा गौरव केला.

मंडळाच्या वर्गात आपली मुले प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षांना बसतात. त्यांचा निकाल हाती आला म्हणजे आपण गुण विचारतो, आणि ते स्वाभाविकच आहे. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा, अशी आमची वाचकांना विनंती आहे. मुलाने धाकट्या भावंडाला एखादा अलंकार शिकविला काय? पाहुण्यांच्या गाण्याला ते मन लावून बसते काय? ज्या गावी आपण राहतो, तेथील संतांचे एखादे पद त्याच्या तोंडी आहे काय? आपली पन्नाशी साजरी करताना मंडळाने इमारतीचा, निधीचा, सभासदसंख्येचा हिशेब मांडला आहे आणि तो मांडलाच पाहिजे. पंडितजींच्या हिशेबात इमारतीच्या रकान्यात शेवटी शून्य उरले होते. माणसांच्या रकान्यातील जमा मात्र अजून मोजून संपलेली नाही. आपल्या संगीतवर्गातील सतरंजीवर दर आठवड्यास येऊन बसणारी मुले त्या जमेतीलच आहेत, याची जाणीव त्यांना आपण करून द्यावी.